अक्षराभोवतीची रेघ

स्टिकर तयार करणाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपने काही साध्या सूचना दिल्या आहेत. चित्र 512 बाय 512 पिक्सेलचं हवं, मागची बाजू पारदर्शक हवी, आणि चित्राच्या बाहेरून 8 पिक्सेल जाडीची पांढरी रेघ असलेली बरी. शेवटची सूचना सक्तीची नाही. पण ती न पाळणाऱ्याचं काय होतं ते डार्क मोड लावून बघा. काळ्याभोर केसांच्या मुलीचे केस नाहीसे होतात आणि नुसता चेहरा अधांतरी तरंगतो. ‘शुभ सकाळ’ काळ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तर ती सकाळ उगवतच नाही.

मागे कोणता रंग येणार हे आधी ठाऊक नसताना लिहायचं कसं, असा हा प्रश्न आहे. सबटायटलला तो दर सेकंदाला पडतो, कारण आत्ता पडद्यावर बर्फ असतो आणि पुढच्या दृश्यात मध्यरात्र. नकाशावरच्या गावाच्या नावाचा अर्धा भाग नदीवर येतो, अर्धा जंगलावर. मीम करणाऱ्यांनी त्याचं उत्तर कधीच ठरवून टाकलंय: जेफ्री ली यांनी 1965 साली काढलेला ‘इम्पॅक्ट’ हा दणकट टाइप, पांढरा रंग आणि भोवती काळी कड. फोटो कुठलाही असो, अक्षरं वाचता येतात. फोटोवर मजकूर टाकण्याचा कुठलाही प्रोग्राम उघडा, ही सोय सापडतेच. कुठे तिला स्ट्रोक म्हणतात, कुठे आऊटलाइन, कुठे बॉर्डर. एक खूण केली, जाडी निवडली, झालं. मेनूतल्या इतक्या किरकोळ ओळीमागे एवढं काही दडलेलं असेल, असं वाटत नाही.

हे उत्तर कुठल्याही रंगावर का चालतं, ते आधी आकड्यांत पाहू. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठी डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत दोन रंगांच्या उजळपणातला फरक एका गुणोत्तराने मोजतात. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा यांचं गुणोत्तर 21:1 येतं आणि त्याहून मोठं गुणोत्तर असूच शकत नाही. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान 4.5:1 हवं. आता पांढरं अक्षर घ्या, त्याला काळी रेघ द्या आणि मागे वाटेल तो रंग ठेवा. मागचा रंग उजळ असेल तर काळी रेघ उठून दिसते, गडद असेल तर पांढरं अक्षर. सगळ्यांत वाईट अवस्था येते ती दोघांपासून सारख्याच अंतरावर असलेल्या मधल्या राखाडीत. 0 ते 255 या मोजपट्टीवर तो राखाडी साधारण 117 वर सापडतो. त्याचं पांढऱ्याशी गुणोत्तर आणि काळ्याशी गुणोत्तर एकच येतं, ते म्हणजे 21 चं वर्गमूळ, 4.58.

किमान मर्यादा आहे 4.5! म्हणजे काळ्या कडेचं पांढरं अक्षर या कसोटीवर नापास करेल असा एकही रंग अस्तित्वात नाही. मधल्या राखाडीत ते अगदी काठावर पास होतं, पण होतं. शिवाय हा झाला मागच्या रंगाशी हिशोब. रेघ पुरेशी जाड असेल तर अक्षराची गाठ मागच्या रंगाशी पडतच नाही, पडते ती स्वतःच्या रेघेशी, आणि तिथे सगळीकडे 21:1. अक्षर स्वतःची पार्श्वभूमी स्वतःबरोबर घेऊन फिरतं.

डोळ्याच्या बाजूनेही याला आधार आहे. 1958 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघं मांजराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या एकेका पेशीचे विद्युत संदेश ऐकत होते. मांजरापुढच्या पडद्यावर ते ठिपके पाडत, आणि पेशी ढिम्म हलत नव्हती. मग एकदा काचेची पट्टी यंत्रात सरकवताना पेशी अचानक तडतडू लागली. ठिपक्याचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता. काचेच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून सरकली होती आणि पेशीला नेमकी तीच हवी होती: एक कड, ठरावीक कोनातली. पुढे या वाटेवरच्या कामासाठी दोघांना 1981 चं नोबेल मिळालं. सपाट रंगाच्या मधल्या भागात मेंदूला फारसा रस नसतो, त्याचं लक्ष उजेड जिथे बदलतो तिथे. आऊटलाइन दिलेल्या अक्षराला अशा दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. एक पुसट झाली तरी दुसरी उरते.

आता संगणकाकडे वळू. 1984 साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा त्याचा पडदा 512 बाय 342 बिंदूंचा होता आणि बिंदू एक तर काळा किंवा पांढरा; मधला राखाडी नव्हताच. तरी त्याच्या मेनूत ठळक, तिरपं, अधोरेखित यांच्या पंगतीला ‘आऊटलाइन’ बसलेलं होतं. त्यासाठी वेगळा फॉन्ट ठेवायला जागा कुठली? बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या क्विकड्रॉ या चित्र काढणाऱ्या प्रणालीने ती रेघ जागच्या जागी तयार करायची युक्ती वापरली. अक्षराचं चित्र एकेक बिंदू इकडेतिकडे सरकवून एकमेकांवर टाकायचं, म्हणजे थोडं फुगलेलं अक्षर मिळतं. त्यातून मूळ अक्षर वजा करायचं. उरते ती भोवतीची रेघ, आत मोकळं. फुगवा आणि वजा करा. पिक्सेलच्या जगातल्या सगळ्या आऊटलाइनी आजही याच दोन पावलांवर उभ्या आहेत.

फुगवणं या क्रियेला शास्त्राचा दर्जा मिळाला तो मात्र खाणीतून. 1964 च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज मातेराँ आणि त्यांचा विद्यार्थी जाँ सेरा लोरेन भागातल्या लोहखनिजाचा अभ्यास करत होते. दगडाच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि कण किती मोठे, कसे विखुरलेले, फटी केवढ्या हे मोजायचं. त्यासाठी त्यांनी एक छोटा आकार, समजा एक चकती, चित्रावरून फिरवायची रीत काढली. चकतीचं केंद्र आकृतीच्या प्रत्येक बिंदूवर ठेवत जा आणि चकतीखाली जे जे येईल ते आकृतीत जमा करा, की आकृती फुगते. उलट, चकती जिथे पूर्णपणे आकृतीच्या आत मावते तेवढ्याच जागा ठेवा, की आकृती झिजते. या दोन क्रियांवर मॅथेमॅटिकल मॉर्फॉलॉजी नावाची एक अख्खी शाखा उभी राहिली. लोखंडाच्या कणांसाठी घडवलेलं हे हत्यार आज ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’भोवती रेघ ओढतं, याची मला फार गंमत वाटते.

चकतीऐवजी चौकोन फिरवला तर रेघेचे कोपरे चौकोनी येतात, शंकरपाळीचा आकार फिरवला तर छाटलेले, आणि चकतीने गोल. खरी मौज वेगळीच आहे. 4 पिक्सेलनी फुगवलं आणि 4 पिक्सेलनीच झिजवलं तर मूळ आकृती परत यायला हवी, असं आपल्याला वाटतं. येत नाही. अनुस्वाराचं टिंब आणि खालची शिरोरेषा यांच्यात 6 पिक्सेलची फट आहे असं समजा. फुगवताच दोघं एकमेकांना चिकटतात. आता तितकंच झिजवलं तरी त्यांच्यामध्ये एक बारीक पूल शिल्लक राहतो. फटीची आठवण कुठेच साठवलेली नाही, मग ती परत येणार कुठून? स्टिकरभोवतीची जाड पांढरी रेघ सुट्या सुट्या अक्षरांना एका बेटावर आणून बसवते, ते याच कारणाने.

चकती फिरवण्याची पद्धत सुबक आहे, पण जाडी वाढली की हळू होते. म्हणून प्रश्न उलटा विचारतात. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला विचारायचं: ‘तुझ्यापासून सगळ्यांत जवळची शाई किती लांब आहे?’ उत्तर 8 किंवा त्याहून कमी असेल तर तो पिक्सेल रेघेत, नाहीतर बाहेर. पण 1 कोटी पिक्सेलच्या फोटोत प्रत्येकाने बाकी प्रत्येकाकडे वळून पाहायचं ठरवलं तर मोजण्या होतात 1 वर 14 शून्ये. फोनची बॅटरी त्यातच संपेल. 1966 साली अ‍ॅझ्रिएल रोझेनफेल्ड आणि जॉन फाल्ट्झ यांनी दाखवून दिलं की एवढा खटाटोप नको, दोन फेऱ्या पुरतात. पहिली फेरी वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. प्रत्येक पिक्सेल फक्त आपल्या वरच्याला आणि डावीकडच्याला विचारतो, ‘तुझं अंतर किती?’, आणि त्यात 1 मिळवतो. दुसरी फेरी उलट दिशेने, खालच्याला आणि उजवीकडच्याला विचारत, आणि जो आकडा लहान तो ठेवायचा. संपलं. कोणीही शेजाऱ्यापलीकडे पाहिलेलं नसताना चित्रातल्या प्रत्येकाला आपलं अंतर कळलेलं असतं. हे अंतर शहरातल्या काटकोनी गल्ल्यांतून चालल्यासारखं, आडवं-उभं मोजलेलं असतं. सरळ रेषेतलं अचूक अंतरही जवळपास तितक्याच झटपट काढणाऱ्या रीती पुढे आल्या.

एकदा हे अंतरांचं पत्रक हाती आलं की बाकीचा मेनू फुकट मिळतो. 8 पर्यंतचे पिक्सेल रंगवले की रेघ. 8 ते 12 रंगवले की रेघेपलीकडे आणखी एक रेघ. अंतर वाढेल तसा रंग विरळ करत नेला की निऑनसारखी प्रभा. फोटोशॉपची पहिली आवृत्ती 1990 ची. सावली आणि प्रभा हे परिणाम थराला (लेयरला) आपोआप चिकटवून ठेवायची सोय 1998 च्या पाचव्या आवृत्तीत आली आणि त्यांत ‘स्ट्रोक’ जमा झाला 2000 सालच्या सहाव्या आवृत्तीत. तोवर लोक अक्षरांची निवड करत, ती काही पिक्सेलनी वाढवत, खाली नवा थर घालून त्यात रंग ओतत. मजकुरातली एक वेलांटी चुकली की सगळं पहिल्यापासून. गिम्प हा मोफत प्रोग्राम 1996 पासून लोकांच्या हातात आहे. त्याच्या मजकुराच्या साधनात थेट आऊटलाइनची सोय यायला 2025 सालची 3.0 ही आवृत्ती उजाडावी लागली. मधल्या काळात त्याच्या वापरकर्त्यांनी निवडा-वाढवा-ओता हा मंत्र पाठ करून टाकला होता.

अंतरांच्या पत्रकाचा सगळ्यांत देखणा उपयोग मात्र संगणकावरच्या खेळांतून आला. व्हॉल्व या कंपनीतले ख्रिस ग्रीन यांनी 2007 साली एक छोटासा निबंध मांडला. अक्षराचं चित्र साठवण्याऐवजी अंतरं साठवा, असं त्यांचं म्हणणं: कडेच्या आत असाल तर एका चिन्हाची, बाहेर असाल तर उलट्या चिन्हाची. मग अवघ्या 64 बाय 64 च्या चौकटीतली आकृती पडदाभर मोठी केली तरी कड धारदार राहते, कारण अंतर हळूहळू, सरळ बदलत जातं आणि मधले आकडे अंदाजाने बिनचूक काढता येतात. डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा काढतात तसंच हे. शून्य अंतराची रेषा म्हणजे अक्षर, थोडी बाहेरची रेषा म्हणजे आऊटलाइन. दुसरं चित्र लागतच नाही. वेबवर नकाशे पुरवणाऱ्या मॅपबॉक्सने गावांच्या नावांसाठी हीच रीत उचलली. तिथे नावाभोवतीच्या वलयाची जाडी अक्षराच्या आकाराच्या एक-चतुर्थांशाहून जास्त करता येत नाही, त्याचं कारणही हेच: साठवलेली अंतरं तेवढ्यावर संपतात.

इथपर्यंतची गोष्ट पिक्सेलची. फॉन्टच्या फाइलमध्ये मात्र पिक्सेल नसतातच. तिथे अक्षर म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा. नीट पाहिलं तर फॉन्टमधलं अक्षर हे आधीपासूनच नुसती बाह्यरेषा असतं. आतला काळा रंग आपण नंतर भरतो. या वक्ररेषांचं गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलं. सिट्रोएनमध्ये पॉल दे कास्तेल्झो यांनी ते 1959 पासून मांडायला घेतलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तिथेच पोचून आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून नाव त्यांचं लागलं.

मग अशा वक्ररेषेला समांतर, 3 मिलिमीटर बाहेरून दुसरी वक्ररेषा काढणं सोपं असेल ना? सरळ रेषेला समांतर सरळ रेषा येते, वर्तुळाबाहेर वर्तुळ येतं. पण बेझिए वक्राला समांतर वक्र सर्वसाधारणपणे बेझिए वक्र नसतो. अक्षरांत बऱ्याचदा वापरतात तो वक्र तिसऱ्या घाताचा असतो; त्याच्याभोवतीची समांतर रेषा बीजगणिताच्या हिशोबाने दहाव्या घातापर्यंत जाते. त्यामुळे प्रोग्राम अंदाजाने काम करतात: रेषेचे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला जवळचा बेझिए बसवतात. वळण तीव्र असेल आणि रेघ जाड, तर आतल्या बाजूची समांतर रेषा स्वतःवरच उलटून पडते, तिला फाटे फुटतात. तेही छाटावे लागतात. हाच प्रश्न लेथच्या आणि मिलिंगच्या वर्कशॉपमध्ये रोजचा आहे. कापणाऱ्या हत्याराला स्वतःची जाडी असते, म्हणून त्याचा मधला बिंदू हव्या त्या आकारापासून त्रिज्येइतकं अंतर राखून फिरवावा लागतो. मोटारीच्या पत्र्यासाठी जन्मलेल्या वक्राला त्याच कारखान्यातल्या यंत्राने टाकलेलं हे कोडं.

टोकांची आणखी वेगळी कथा. दोन रेषा जिथे भेटतात तिथे त्यांच्या जाड कडा पुढे वाढवून मिळवल्या तर अणकुचीदार टोक येतं. कोन जितका निमुळता तितकं टोक लांब. 20 अंशांच्या कोनात ते रेघेच्या जाडीच्या पावणेसहा पट होतं आणि 10 अंशांत साडेअकरा पटीच्या जवळ. म्हणून पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेने मर्यादा घातली 10 पटींची. त्यापुढे टोक सरळ छाटून टाकायचं. वेबवरच्या वक्ररेषांच्या चित्रांसाठी असलेल्या एसव्हीजीने ती 4 वर आणली, म्हणजे साधारण 29 अंशांच्या आतला प्रत्येक कोपरा छाटला जातो. एका प्रोग्राममध्ये काटेरी दिसणारं अक्षर दुसऱ्यात उघडलं की बोथट का होतं, त्याचं हे एक कारण. बोरूच्या तिरप्या कापाची आठवण जपणाऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये अशी निमुळती टोकं पुष्कळ असतात. माझा कौल गोल कोपऱ्यांना: मर्यादेचा प्रश्नच उरत नाही आणि डोळ्यालाही टोचत नाही.

आणखी एक बारकावा नेहमी नजरेतून सुटतो. वक्ररेषांच्या प्रोग्राममध्ये रेघ साधारणपणे कडेच्या मधोमध बसते, अर्धी बाहेर आणि अर्धी आत. म्हणजे 6 पॉइंटची रेघ अक्षराचं अंग सगळीकडून 3 पॉइंट खाते. रोमन लिपीतल्या ढोबळ अक्षरांना ते सोसतं. आपल्याकडे ‘क्ष’च्या गाठी, ‘ह’ची वळणं, ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ, वर रफार आणि खाली उकार! आतल्या पोकळ्या आधीच अरुंद. त्यात अनुस्वाराचं टिंब रेघेने पार गिळलं जातं, आणि ‘नांदेड’चं ‘नादेड’ व्हायला वेळ लागत नाही. फोटोशॉपमध्ये रेघ बाहेर, आत की मधोमध, हे विचारलं जातं. उत्तर जवळपास नेहमीच ‘बाहेर’ असावं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण देवनागरीची खरी कसोटी लागते ती शिरोरेषेवर. फॉन्टमध्ये ‘गणपती’ असा शब्द नसतो. ग, ण, प, त आणि शेवटची दीर्घ वेलांटी असे सुटे आकार असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा असतो. तुकडे अगदी कडेला कड लावून ठेवले तर पडद्यावर त्यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट दिसू शकते. म्हणून फॉन्ट करणारे हा तुकडा थोडा लांब ठेवतात. शेजारच्या तुकड्यावर तो जरासा चढतो. काळा रंग भरलेला असताना हे कोणाला कळतही नाही. रंग भरताना संगणक एकच विचारतो, हा बिंदू आत आहे की बाहेर? दोन आकारांच्या आत एकाच वेळी असलेला बिंदूही आतच. पण रेघ ओढायला सांगितली की प्रश्न बदलतो: कड कुठे आहे? आणि मग ग ची उजवी कड, ण ची डावी कड, सगळं बाहेर पडतं. लपवलेला प्रत्येक सांधा उघडा होतो. ‘गणपती’च्या शिरोरेषेवर चार ठिकाणी आडव्या पट्टीत उभ्या रेघा उमटतात, वेलांटीची कमान काना ओलांडताना दिसते, जोडाक्षराला मध्येच चीर पडते. युनिकोडच्या आधीच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये तर अर्धं अक्षर आणि त्याचा काना हेच दोन वेगळे आकार असत, त्यामुळे तिथे सांधे आणखी वाढतात.

फ्लेक्सवर हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिलंय की आता खटकतही नाही. नेत्याचा फोटो तुकतुकीत, रंग झगझगीत, आणि नावाच्या डोक्यावरून जाणारी शिरोरेषा ठिकठिकाणी चिरलेली. हा दोष लिपीचा नाही, फॉन्ट करणाऱ्याचाही नाही. शब्द म्हणजे सुटी अक्षरं ओळीने मांडलेली, या समजुतीवर रेघ ओढण्याचं साधन बेतलेलं आहे. रोमन लिपीत ती समजूत बहुतेक वेळा खपून जाते. आता तिथेही ती अडखळू लागली आहे: जाडी हवी तशी बदलता येणाऱ्या नव्या व्हेरिएबल फॉन्टमध्ये एकाच अक्षराचे भाग एकमेकांवर चढवलेले असतात, आणि त्यांना रेघ दिली की इंग्रजी अक्षरांच्या पोटातही तशाच चिरा दिसतात. आपला जुना त्रास त्यांच्या वाट्याला आला, याचा थोडा आसुरी आनंद मला होतो, हे लपवत नाही.

हाताने लिहिणाऱ्यापुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर आधी अक्षरं भरून घेतो आणि मग बारीक ब्रशने संपूर्ण शब्दाच्या कडेने फिरतो. त्याच्या लेखी शिरोरेषेखालचा शब्द हा एकच देह. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांनी काढलेली शीर्षकं पाहा. तिथे शब्दाला एक बाह्यरेषा असते, अक्षरागणिक वेगळी नसते.

पिक्सेलचं जग या बाबतीत पेंटरच्या बाजूचं आहे. फोटोशॉपचा स्ट्रोक थरावर काय दिसतंय ते पाहतो, अक्षरं किती तुकड्यांची हे त्याला ठाऊकच नसतं. सगळे सांधे आधीच एका रंगात बुडालेले असतात, म्हणून रेघ संपूर्ण शब्दाभोवती फिरते. चिरा पडतात त्या कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप यांसारख्या वक्ररेषांच्या प्रोग्राममध्ये, आणि मोठी छपाई तर बहुधा तिथेच तयार होते.

त्यावर दोन इलाज आहेत. सोपा इलाज असा: मजकुराची नक्कल करा, मागच्या प्रतीला जाड रेघ द्या, पुढच्या प्रतीला रेघ देऊच नका. मागच्या प्रतीतल्या सगळ्या चिरा पुढच्या अक्षरांखाली झाकल्या जातात आणि मजकूर नंतर दुरुस्तही करता येतो. मधोमध बसणाऱ्या रेघेने अक्षराचं अंग खाल्लं जाण्याचा त्रासही याच युक्तीने जातो, फक्त हवी त्याच्या दुप्पट जाडी मागायची. एसव्हीजीमध्ये रेघ आधी आणि रंग नंतर असा क्रम सांगायची सोय त्याच हेतूने दिलेली आहे. दुसरा इलाज पक्का: अक्षरांचे वक्र करून घ्या आणि सगळे आकार एकजीव करा. कोरलमध्ये त्याला वेल्ड म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. त्यानंतर मजकूर टाइप करून बदलता येत नाही, म्हणून एक मूळ प्रत बाजूला ठेवावी. अक्षर पोकळ ठेवून नुसती रेघच दाखवायची असेल तर मात्र हा दुसरा मार्गच चालतो, कारण पहिल्यात चिरा झाकायला वर रंग लागतो.

मांडणी लहान आकारात करून छपाईला मोठी करणार असाल, तर आकाराबरोबर रेघेची जाडीही वाढेल अशी खूण आधी करून ठेवा. कोरलमध्ये ती खूण मुद्दाम करावी लागते. राहिली तर पडद्यावर ठसठशीत दिसलेली रेघ दहा फुटांवर दोरा होऊन जाते. आणि छापखान्यात फाइल देण्याआधी शब्द एकदा मोठा करून शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने तपासा. एक चीर दिसली, तरी वेल्ड करायचं राहिलं आहे असं समजा.